पुढच्या वर्षीचं पद

नौपाडा, ठाणे
१४ जून १९५३

गुरुदत्त,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी आवरून धरत नाही. पण रागही आहे, आणि तो आधी लिहून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र सरळ लिहिता येईल.

मे महिन्यात तू आलास. दोन वर्षांनी आलास. दोन दिवस राहिलास, वालाचं बिरडं पोटभर खाल्लंस आणि दोन्ही संध्याकाळी विश्रामला घेऊन मासुंदा तलावावर गेलास. "ताई, बापलेक जरा फिरून येतो," म्हणालास. मला वाटलं, बरं झालं, पोराला बाप दिसू दे. आता तुझ्या पत्रावरून कळलं की तिथे पायऱ्यांवर बसून तू त्याला पद शिकवत होतास. तूच रचलेलं, तूच चाल लावलेलं. गणपतीत आमच्या बाजूचा मुलांचा मेळा गल्लोगल्ली गाणी म्हणत फिरतो, त्यात विश्रामने पहिलं पद म्हणून ते म्हणायचं आणि ते ऐकायला तू नाटक कंपनीतून रजा काढून यायचं. तोवर ते कुणालाही ऐकवायचं नाही, अशी शपथसुद्धा घालून गेलास. पोरगं शपथेला जागतं आहे. न्हाणीघरात बाकी सगळं गातो, पण त्या पदाची एक ओळ माझ्या कानावर आलेली नाही. शेजारची सुमती म्हणते, बाई, तुमचा विश्राम आंघोळीला गेला की मी स्टोव्ह बंद करून ऐकत बसते. मला कुठला तेवढा वेळ? मी तेव्हा डबे भरत असते.

तर हे जमणार नाही. विश्रामला यंदा स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवते आहे. डोंबिवलीला एक निवृत्त हेडमास्तर आहेत, भातखाचरांच्या पलीकडे त्यांचं घर. त्यांच्या हाताखालची मुलं दरवर्षी या परीक्षेत वर येतात. ते सहसा नवा मुलगा घेत नाहीत. मी दोनदा जाऊन बसले तेव्हा हो म्हणाले. रविवारी त्यांच्याकडे, रोज संध्याकाळी माझ्याकडे. मेळ्याच्या तालमी नेमक्या संध्याकाळच्या. एका संध्याकाळी दोन गोष्टी मावत नाहीत.

आपल्या घरात गाण्याने काय केलं ते तुला मी सांगावं असं नाही. नीला तापाने फणफणलेली असताना तू हुबळीला पेटी वाजवत होतास. तुझी बायको गेली आणि तू पोचलास दहाव्याला. हे पुन्हा काढणार नाही असं मी मागे म्हटलं होतं. काढलं. तेव्हा दोन वर्षांचं पोर माझ्या ओटीत टाकून गेलास ते आता बारा वर्षांचं झालं आहे. त्याला मी तुझ्या मागोमाग गावोगाव हिंडू देणार नाही. बोलपटांपुढे तुझ्या कंपनीच्या तंबूत आता डासच काय ते नेमाने येत असतील.

प्रकृतीला जप. खोकला आहे म्हणाला होतास.

ताई


नौपाडा
५ ऑगस्ट १९५३

गुरुदत्त,

"ताई, तू शाळेत सबंध वर्गाला समजून घेतेस, मला कधी घेणार?" असं लिहिलं आहेस. नाटकातलं वाक्य असेल. माझ्या वर्गातल्या मुली वेळेवर येतात, एवढं उत्तर पुरे.

एक गोष्ट मात्र मीच कळवते, दुसरीकडून कळली तर तू हसशील. विश्राम तालमीला जायला लागला आहे.

झालं असं की काळुराम घरी आला. हा चेंदणी कोळीवाड्यातला. मेळा तोच बसवतो, ढोलकी तोच वाजवतो आणि पोरांना दमही तोच भरतो. आत ये म्हटलं तरी येईना, दारातच उभा. "बाय, पोराचा गला देवानी दिलाय, तुमी नको म्हनू नका," म्हणाला. "सांजचा एक घंटा द्या, मी सोताहून घरी आनून सोरतो." मी म्हटलं, देवाने गळा दिला तसं डोकंही दिलं आहे, आणि परीक्षा डोक्याची आहे. तो हसला आणि गेला. त्याने वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

विश्रामही वाद घालत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठते तो हा आधीच कंदील लावून गणितं सोडवत बसलेला.

"काय रे, आज सूर्य कुठून उगवला?"

"आत्या, संध्याकाळचा अभ्यास मी सकाळीच केला, तर संध्याकाळ मोकळी राहील ना?"

"आणि झोप?"

"झोप रविवारी."

"रविवारी डोंबिवलीला जायचं असतं."

त्याने जरा विचार केला. "मग गाडीत."

मला हसू आलं, ते मी पदराआड केलं. मग अटी घातल्या. एकही गणित चुकता कामा नये, तालमीत बर्फाचा गोळा खायचा नाही, दिवेलागणीला घरात. सगळ्याला हो म्हणाला. गेला आठवडाभर हे सुरळीत चाललं आहे. जेवतोही दोन घास जास्त. तालमीहून आला की त्याच्या तोंडावर असं काही असतं की मी त्याला लगेच पाढे विचारते.

तू रजेचा अर्ज करून ठेवायला हरकत नाही. पण सोबत कुणा नटाला आणू नकोस.

ताई


नौपाडा
३० ऑगस्ट १९५३

गुरुदत्त,

रजेचा अर्ज केला असलास तर मागे घे. तालीम बंद केली.

गेल्या रविवारी डोंबिवलीच्या मास्तरांनी मला बाहेर ओसरीवर बोलावलं. म्हणाले, "बाई, मुलगा हुशार आहे. पण गणित वाचताना त्याचं बोट पाटीवर ताल धरतं. मन दुसरीकडे आहे. दोन्हीकडे ठेवायचं असेल तर माझ्याकडे आणू नका." मी आत येऊन पाहिलं, खरंच बोट चाललं होतं. आणि त्या दिवशी एक गणित चुकलं. अट काय होती ते तुला लिहिलंच होतं.

घरी येताना त्याला सांगितलं. "बरं," म्हणाला. दुसरं काही नाही. चपला काढून जागेवर ठेवल्या, हातपाय धुतले आणि अभ्यासाला बसला. त्याने आदळआपट केली असती तर मी चार शब्द बोलले असते आणि माझंही मन मोकळं झालं असतं. नीला अशीच होती. तिच्याशी भांडायची सोय नव्हती.

मी काही राक्षसीण नाही, गुरुदत्त. जेवताना त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी परीक्षा मागे पडलेली असेल, तेव्हा पहिलं पद तूच म्हणायचं, काळुरामला मी स्वतः जाऊन सांगेन.

"आणि बाबा?"

"बाबाही पुढच्या वर्षी येतील."

"नक्की?"

"मी कधी शब्द मोडला आहे?"

"नाही," म्हणाला. खरंच मोडलेला नाही. आपल्या घरात कुणीतरी शब्द पाळणारं असावं म्हणून मी फार जपते.

तेव्हा तू यंदा येऊ नकोस. आलास की त्याचं मन पुन्हा हलेल. नीट विचार कर, मी अन्यायाचं बोलत नाही. परीक्षेला वयाची अट असते. यंदा हुकली ती कायमची हुकली. गळ्याला अशी अट नाही. पद काही कुठे पळून जात नाही.

ताई


नौपाडा
२९ सप्टेंबर १९५३

गुरुदत्त,

गणपती गेले. तुझं पत्र नाही. रागावला असशील. रागाव.

मेळा आमच्या गल्लीत आला होता. टेंभी नाक्याकडून वाजतगाजत आला आणि नेमका आमच्या खिडकीखालच्या मोकळ्या जागेत उभा राहिला. मी विश्रामला म्हटलं, जा, दहा मिनिटं बघून ये. मी म्हटलं होतं, हे तुला कळावं. तो म्हणाला, "नको, हे उदाहरण व्हायचंय." पहिलं पद मोरू नावाच्या लहानग्याने म्हटलं. गोड होता, पण वर जाताना लटपटला. मी खिडकीशी उभी होते म्हणून कळलं. कुणीतरी खिडकी लावायला हवीच होती.

खिडकी लावून वळले तर विश्रामने कानात कापूस घातला होता. तोच, मी त्याच्या कानात तेल घातल्यावर देते तो. खाली मान घालून गणित करत होता. सगळी गणितं बरोबर आली.

मास्तरांना मी सांगितलं, एकाग्रता वाढली आहे. ते खूश झाले. त्या दिवशी चुकलेलं गणित म्हणे त्यांच्याकडच्या सगळ्याच मुलांचं चुकलं होतं. तसं ते सहज बोलता बोलता म्हणाले. असो. ताल धरणारं बोट तर खरं होतं.

आता न्हाणीघरातही गात नाही फारसा. पाणी गार असतं, लवकर बाहेर येतो.

पत्र लिही. मला नाही तर त्याला लिही.

ताई


नौपाडा
२२ मार्च १९५४

गुरुदत्त,

परीक्षा झाली! आणि उत्तम झाली.

केंद्र कल्याणला आलं होतं. शाळेतून रजा घेऊन मी त्याला घेऊन गेले, झाडाखाली बसून राहिले. सगळ्या आया तिथे दशम्या घेऊन बसल्या होत्या आणि एकमेकींच्या मुलांचे मार्क काढत होत्या. मी एकटी आत्या, पण माझा डबा सगळ्यांत मोठा होता.

विश्राम बाहेर आला तो हसत आला. मला म्हणाला, "आत्या, खाडी बघायची?" मी म्हटलं, चल. टांगा केला, दुर्गाडीपर्यंत गेलो. वारा छान होता. एवढ्या महिन्यांत आम्ही दोघं अशी बिनकामाची कुठे गेलोच नव्हतो, हे तिथे गेल्यावर लक्षात आलं. त्याला मी भाजलेले दाणे घेऊन दिले. परत स्टेशनकडे निघालो तेव्हा टांग्यात मला विचारतो, "आत्या, आता झालं ना?"

"झालं."

"सगळं?"

"सगळं."

मग गायलाच लागला! भर बाजारातून टांगा चाललेला आणि हा मान वर करून गातो आहे. माझ्या हातात गणिताची प्रश्नपत्रिका होती, मी सातव्या प्रश्नाचं उत्तर मनात ताडून पाहत होते. फिरवून फिरवून घातलेलं उदाहरण होतं, पाण्याच्या टाकीचं. तेवढ्यात समोरून परीक्षेला आलेल्या मुलांच्या दोघी आया चालत येताना दिसल्या. मी म्हटलं, "पुरे रे, लोक बघताहेत." लगेच थांबला. गुणी आहे, एवढं मी म्हणेन. आणि सातव्याचं उत्तर त्याचं माझं तंतोतंत जुळलं. त्या टाकीने भल्याभल्यांना बुडवलं असणार.

आता पुढचं ऐक. मी शब्द दिला होता तो पाळणार आहे. यंदा गणपती लवकर आहेत, सप्टेंबर उजाडताच. तू रजा आत्तापासून माग. वालही आत्ताच निवडून ठेवते.

ताई


नौपाडा
४ जुलै १९५४

प्रिय गुरुदत्त,

प्रिय असं मी तुला कधी लिहीत नाही, आज लिहिते. विश्रामला स्कॉलरशिप मिळाली. वर्तमानपत्रात नाव आलं आहे, ते कात्रण सोबत घातलं आहे, हरवू नकोस. विश्राम गुरुदत्त, असं तुझंही नाव छापून आलं आहे. नाटकाच्या जाहिरातीत कधी आलं होतं का? आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गावर येऊन मला पेढा भरवला आणि मी मुलींसमोर रडले. नीला असती तर, एवढंच मनात येत होतं. तिच्या फोटोपुढे कात्रण ठेवलं, मग तुझ्यासाठी उचललं.

त्याच संध्याकाळी मी चेंदणीला काळुरामकडे गेले. म्हटलं, यंदा पहिलं पद आमच्या विश्रामचं. त्याची बायको मंजुळा जाळं विणत बसली होती, तिने मला पाट दिला. काळुराम म्हणाला, "धाडा त्याला, बाय." विश्राम दुसऱ्याच दिवसापासून तालमीला जाऊ लागला. मी वेळसुद्धा विचारत नाही.

एकच कटकट आहे. त्याचा घसा धरला आहे. दोन महिने झाले, बरा होत नाही. बोलता बोलता मध्येच घोगरा होतो, मध्येच चिरकतो. पावसात भिजला असेल, नाहीतर काळुराम ओरडायला लावत असेल. हळद घालून दूध देते, ज्येष्ठमधाची कांडी चघळायला देते, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू आहेत. तुम्हा गाणाऱ्यांचं काही ठेवणीतलं औषध असेल तर लगेच कळव. गणपतीच्या आत गळा मोकळा व्हायला हवा.

बाकी तब्येत चांगली आहे. उंच झाला आहे. सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या आखूड झाल्या.

उत्तर लगेच लिही, औषधाचं.

ताई


नौपाडा
१० ऑगस्ट १९५४

गुरुदत्त,

तू औषध कळवलं नाहीस. का कळवलं नाहीस ते मला आता समजलं.

परवा मी अडुळशाचा काढा उकळत होते. वाससुद्धा उग्र येतो त्याला. सुमती वाटीभर साखर मागायला आली आणि विचारलं, कुणाला देताय? मी म्हटलं, विश्रामचा घसा. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग हसत सुटली. "अहो बाई, काढा कसला देताय त्याला? मिसरूड फुटतंय पोराला. आवाज फुटलाय त्याचा! माझ्या चौघांचंही असंच झालं. धाकट्याचा तर महिनाभर कोंबडा झाला होता." मीही तिच्याबरोबर हसले. तिला साखर दिली. ती गेल्यावर स्टोव्ह बंद केला आणि तिथेच पाटावर बसले.

मला माहीत नव्हतं, गुरुदत्त. म्हणजे पुरुषाचा आवाज मुलासारखा नसतो हे कुणाला माहीत नसतं? पण तो कधी बदलतो, कसा बदलतो, असा एका उन्हाळ्यात निघून जातो, हे मी कधी पाहिलेलं नाही. मी चौदाव्या वर्षी विधवा झाले, आश्रमात पुण्याला शिकले, तिथे मुली. नोकरी लागली, तिथे मुली. माझ्या हाताखालून शेकड्यांनी मुली गेल्या, त्यांचं सगळं मला कळतं. तुझा आवाज फुटला तेव्हा मी आश्रमात होते. सुट्टीत आले तेव्हा तू मोठ्या माणसासारखा बोलत होतास, मला गंमत वाटली होती. मधलं काही मी पाहिलंच नाही, आणि घरातून ते पत्रात कोण लिहिणार?

गळ्याला वयाची अट नाही, असं मी तुला लिहिलं होतं. ते पत्र तुझ्याकडे असेल तर जाळून टाक.

तुला तेव्हाच ठाऊक होतं. बारा वर्षांचा मुलगा, पुढच्या वर्षी तेरा. मग तू का नाही लिहिलंस? एक ओळ लिहायची होतीस, ताई, थांबायला वेळ नाही. मी मानलं नसतं, हेही खरं. तू नाटकी बोलतोस असंच म्हटलं असतं. तरी लिहायचं होतंस.

विश्रामला सांगायचं कसं, याचा मी दिवसभर विचार केला. शेवटी जेवायला वाढताना म्हटलं, "विशू, तुझा घसा आजारी नाही." तो म्हणाला, "मला माहीत आहे, आत्या. काळुरामने पहिल्याच तालमीला सांगितलं."

"मग काढा का पीत होतास?"

"तू एवढा उकळत होतीस."

मी उठून आत गेले. काय करणार होते? लोणचं आणायला गेले असं म्हटलं, आणि लोणचं आणलं.

काळुराम म्हणतो, दोन वर्षं गळ्याला त्रास देऊ नका, मग नवा आवाज येईल, कदाचित चांगलाही येईल. मी हे विश्रामला मोठ्या आशेने सांगितलं. त्याने मला सरळपणे विचारलं, "पण तेव्हा मॅट्रिकचं वर्ष जवळ आलेलं असेल ना?" टोमणा नव्हता. टोमणा त्याला येत नाही. त्याने मला वेळापत्रक विचारलं.

तू गणपतीला ये. पद नसलं तरी ये.

ताई


नौपाडा
२० सप्टेंबर १९५४

गुरुदत्त,

तू आला नाहीस. मी वाल भिजत घातले होते, त्यांना मोड आले, ते सोलले, शेवटी सुमतीच्या मुलांना वाढले.

मेळा झाला. पहिलं पद मोरूनेच म्हटलं, यंदा लटपटला नाही. विश्राम मागच्या रांगेत झांजा वाजवत होता. मी खिडकीतून नाही, खाली रस्त्यावर जाऊन सगळ्यांत पुढे उभी राहिले. काळुरामने त्याला विचारलं होतं म्हणे, तुझ्या बाबांचं पद मोरूला शिकवशील का? शपथेपायी त्याने ते तालमीतसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. "मी विसरलो," म्हणाला. झांज वाजवताना त्याचे ओठ हलत होते. मोरू जे म्हणत होता त्याचे शब्द ते नव्हते, एवढं मला दिसत होतं.

तुझं कार्ड आलं त्याला आठ दिवस झाले. इतक्या महिन्यांनी एकच ओळ. "ताई, कल्याणच्या टांग्यात विश्राम गायला, ते मी शिकवलेलं पद होतं का?"

मी विश्रामला विचारलं. म्हणाला, "टांग्यात? आठवत नाही." त्याला आठवत असणार. मला सांगायचं नसणार, आणि मी आग्रह कुठल्या तोंडाने करू? पुरे मीच म्हटलं होतं.

काल रविवार होता. मी एकटीच कल्याणला गेले. स्टेशनाबाहेर तोच टांगा शोधला. टांगेवाल्याचं नाव भिवा, घोडा पांढरा, कपाळावर तांबडा ठिपका असलेला, म्हणून सापडला. त्याला म्हटलं, मार्चमध्ये एक मुलगा तुमच्या टांग्यात गात होता, काय गात होता आठवतं का? त्याने बिचाऱ्याने खूप आठवून पाहिलं. "बाय, कोन गातंय, कोन भांडतंय, आमचं ध्यान घोऱ्यावर," म्हणाला. मग मी म्हटलं, दुर्गाडीला चला आणि परत आणा. खाडीपाशी थोडी थांबले, परत फिरलो, बाजार आला. वाटलं होतं, त्याच रस्त्याने त्याच टांग्यात बसले तर एखादी ओळ, एखादा सूर, वर जाणारी एखादी जागा तरी आठवेल. लोक माझ्याकडे बघत होते, कारण मी डोळे मिटून बसले होते.

तू ये. मी वाद घालणार नाही, दहाव्याचंही काढणार नाही. त्याला सांग की तुझा आवाज गेला होता आणि परत आला. मी सांगून उपयोग नाही. पुढचं काही मी सांगितलं की तो मान डोलावतो आणि अभ्यासाला बसतो. संध्याकाळी त्याला तलावावर घेऊन जा आणि त्या पायऱ्यांवर बसून तूच विचार. तुला तो सांगेल. मग मला सांगू नका, चालेल.

तुझ्या कार्डाचं उत्तर मी लिहून ठेवलं होतं. "होय, तेच पद होतं. फार सुरेख म्हटलं." एवढंच. तेवढ्याने तुला बरं वाटलं असतं आणि माझं काही जात नव्हतं. आज सकाळी ते फाडलं. तू त्या एका गोष्टीसाठी वर्षभर थांबला होतास, आणि ती झालीही असेल, माझ्या शेजारी बसून, माझ्या खांद्याला खांदा लावून. मी ऐकत नव्हते, गुरुदत्त. सातव्या प्रश्नाचं उत्तर मला अजून पाठ आहे.

तुझी
ताई